जीपच्या पोटात दोन तेलं

"ही गाडी रस्त्यात एकदा जरी बंद पडली ना, तर विकून टाकायची!" बायकोनं बजावलं आणि निवृत्त जमीन-मोजणीदारांनी मुकाट्यानं मान डोलावली. तीस वर्षं डोंगर चढवून आणलेली जीप ती. तिच्या पोटाखाली ट्रान्स्फर केस, म्हणजे चारी चाकांना ताकद वाटून देणारी पेटी, हल्ली तेल गाळत होती आणि हे फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, असा त्यांचा समज होता.

बायको सकाळी फिरायला गेली, की मोजणीदार पिचकारी घेऊन उताणे गाडीखाली शिरत. तेल भरायचं, जमिनीवरचा डाग जुन्या बनियननं पुसायचा, साळसूदपणे पेपर उघडून बसायचं. नवल म्हणजे पेटी रोज भरलेलीच सापडे. तरी त्यांना राहवत नसे. आणखी दोन पिचकाऱ्या ते आत रेटतच.

रविवारी दोघं घाट चढत होती. खालून भसकन धूर आला, गिअरचा दांडा सुटला आणि जीप जागच्या जागी थबकली.

मिस्त्री आला. त्यानं पेटीचा बोल्ट सैल केला, तर गुलाबी फेस उसळला.

"काका, आत दोन तऱ्हेची तेलं आहेत. तीही गळ्यापर्यंत!"

"दोन कशी? मी तर जाडंच घालतो," मोजणीदार बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"मग हे लाल कुणाचं?"

बायको समोरच्या डोंगराकडे बघत होती. "माझं. गाडीखाली थेंब दिसले होते मला. तुम्ही दुपारी झोपलात की घालायचे. दुकानदार म्हणाला, चालतं."

"तू? गाडीखाली? अगं, कंबर धरते ना तुझी!"

"धरू दे. रागाच्या भरात बोलून बसले, मग शब्द मागे कसा घेणार? गाडी गेली असती तर तुमचं तोंड मला बघवलं नसतं."

मोजणीदार उगाचच चष्मा पुसायला लागले.

"तेल अडवणारं एक सील बदललं, नीट तेल भरलं की झालं," मिस्त्री म्हणाला.

पण मोजणीदार पडले सरळ माणूस. "नाही रे. ठरलं होतं आमचं. गाडी बंद पडली, आता विकायला हवी."

"बंद कुठं पडलीय?" बायको फणकारली. "दोघांनी मिळून चारलं, अजीर्ण झालंय तिला. अजीर्ण झालं म्हणून घरातलं माणूस कुणी विकतं का?"