राऊ उच्चश्रवण मंडळाचा श्रवणयंत्रविषयक ठराव

ऐकणे ही अत्यंत जबाबदारीची बाब असून ती ज्याच्या-त्याच्या कानावर सोडून चालत नाही, असे राऊ उच्चश्रवण मंडळाचे ठाम मत आहे. मी मंडळाचा सचिव. दर रविवारी सकाळी आम्ही अकरा सभासद बाबूरावांच्या हॉलमध्ये आपापले भारी हेडफोन घेऊन जमतो आणि त्यांच्या ट्यूनिंगवर चर्चा करतो. गेल्या वर्षी दोनशे आठ तास चर्चा झाली. त्यात प्रत्यक्ष ऐकण्यात साडेचार तास गेले. (एक गाणं चुकून शेवटपर्यंत वाजलं. त्याबद्दल दिलगिरी नोंदवली आहे.)

इतर शहरांतले लोक ट्यूनिंगसाठी आलेख काढतात. आम्ही इंदूरजवळच्या राऊचे, चवीवर जातो. बेस म्हणजे पोहे, मधला आवाज म्हणजे उसळ, ट्रेबल म्हणजे शेव. सभेआधी बाबूरावांच्या पत्नी गिरिजाकाकू सर्वांना उसळ-पोहे देतात. जीभ तयार झाली की कान आपोआप तयार होतात, हे मंडळाने सिद्ध केलं आहे.

रेल्वेतून निवृत्त झालेले बाबूराव आमचे अध्यक्ष, आणि त्यांचा कान हेच आमचं प्रमाण. ते इंदुरी थाटात म्हणतात, "भिया, शेव कम है, अजून टाका," की आम्ही ट्रेबल वाढवतो. दोन वर्षांत तो इतका वाढला की नवे सभासद कान चोळत घरी जातात. (अप्रशिक्षित कानांचं असं होतंच.)

एप्रिलमध्ये काकूंनी त्यांना सांगितलं, "गुरुवारी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे." बाबूराव म्हणाले, "वा, छान आहे." चौथ्यांदाही छान आहे म्हणाले, तेव्हा काकू त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. तपासणीत निघालं, की वरचे स्वर, म्हणजे आमची शेवच, त्यांना जवळजवळ ऐकूच येत नाहीत. डॉक्टरांनी पंधरा दिवस वापरून बघायला श्रवणयंत्र दिलं.

अध्यक्षांचा कान आणि डॉक्टरांचा अहवाल यांत मतभेद झाल्यावर मंडळाने अर्थातच यंत्राची चौकशी केली. रविवारी बाबूरावांनी ते भर सभेत कानात घातलं. निष्कर्ष: भव्यता नाही. बेस नाही. उसळ नको तितकी पुढे, म्हणजे माणसांचं बोलणं तेवढं स्वच्छ ऐकू येतं, बाकी आनंद.

तेवढ्यात काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, गुरुवारी माझ्याबरोबर याल ना?"

बाबूराव दचकले. "येईन की. पण गिरिजा, तुझा आवाज इतका थकलेला कधीपासून आहे?"

"दोन साल हो गए," काकू म्हणाल्या. "तुम्हाला आज ऐकू आला."

हॉलमध्ये सगळे आपापल्या हेडफोनच्या वायरी तपासू लागले. मला उगाचच वाईट वाटलं. सुदैवाने आमचे तांत्रिक सल्लागार संघदीप वेळेवर धावून आले. "काकाजी, थकान-वकान काही नाही. मशीनचंच ट्यूनिंग गडबड है. आवाज डल करतंय." सर्वांचा जीव भांड्यात पडला. यंत्र परत करावं, असा ठराव दहा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. अध्यक्ष तटस्थ राहिले. (काकू सभासद नसल्याने त्यांच्या मताचा प्रश्न आला नाही.) बाबूरावांनी यंत्र काढून डबीत ठेवलं आणि बराच वेळ डबी हातात धरून बसले.

गुरुवारी ते शब्दाला जागून हॉस्पिटलात गेले. सोबतीला मी होतो. ऑपरेशननंतर काकूंनी त्यांचा हात धरला आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं. चांगलं मिनिटभर सांगितलं, डोळे भरून आले त्यांचे. बाबूरावांनी दोनदा कान पुढे केला, मग घाबऱ्याघुबऱ्या माझ्याकडे वळले. "काय म्हणाली रे? तू ऐकलंस ना?"

मी ऐकलं होतं. आवाज नैसर्गिक, किंचित खरखर, मधला पट्टा उत्तम. शब्दांकडे मात्र लक्ष गेलं नव्हतं. मी म्हणालो, "छान आहे म्हणाल्या."

प्रसिद्धीपूर्वी हे निवेदन तीस सुज्ञ वाचकांना दाखवलं. सतरा जणांनी बाबूरावांचा हेडफोन कोणता ते विचारलं, बारा जणांनी उसळीची कृती मागितली, एकाने शुद्धलेखन तपासलं. काकू काय म्हणाल्या असतील, हे कोणीच विचारलं नाही. आपणही इथवर हसत आलात आणि आपल्याही घरात मघापासून कोणीतरी बोलतंय. सभासदत्वाचा अर्ज सोबत जोडला आहे.