पाद्रीबाबांची हद्द

दर वसंतात नेदरकॉमचे लोक हातात झाडाच्या छड्या घेऊन गावाची हद्द चालत. पुढे पाद्री, मागे गाव. फेरी जिथून गेली ती हद्द, आणि पाद्र्याच्या पुढे कुणी पाऊल टाकायचं नाही, हा रिवाज राजा जेम्सच्याही आधीचा. रिवाज पाडणाऱ्यांनी पाद्री विंटरबर्न पाहिले नव्हते, एवढंच.

विंटरबर्न हिब्रूचे गाढे पंडित. आदमनं खाल्लेलं फळ सफरचंद नसून अंजीर होतं, हे सिद्ध करण्यात त्यांची हयात चालली होती. यंदा निघताना त्यांच्या पत्नीने, थॉमसिनबाईंनी, बजावलं, "अहो, ओढ्यापाशी वळायचं. अलीकडचं गिरणीचं कुरण फेरीत आलंच पाहिजे. पलीकडच्या बार्कवेल गावचे डॉक्टर ब्रॅडन ते आपलं म्हणून टपलेत. कुरण गेलं तर हिवाळ्यात गुरांना काय घालू, तुमची पुस्तकं?"

"चर्मपत्र आहे गं. पचायचं नाही त्यांना," पाद्री म्हणाले आणि ग्रंथ उघडून निघाले.

ओढा आला तेव्हा अंजिराचं प्रकरण नेमकं रंगात होतं. पाद्री वळले नाहीत. गुडघाभर पाण्यात शिरले, पलीकडे निघाले आणि चालत राहिले.

"बाबा, हे बार्कवेल," चर्चचे कारभारी स्टब मागून म्हणाले.

"हो, हो," म्हणत पाद्र्यांनी पान उलटलं.

"अहो स्टब, अडवा ना त्यांना," थॉमसिनबाई कळवळल्या.

"अडवायला पुढं जावं लागेल, बाई. मग फेरीच बाद."

समोर ब्रॅडनांच्या स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. पाद्री आत शिरले. मागोमाग सगळं गाव. चुलीपाशी थांबून पाद्र्यांनी सवयीने धर्मवचन म्हटलं. आता वचन झालं की त्या घरानं खाऊपिऊ घालायचं, हाही रिवाजच. लोक रिवाजाला पक्के. बिअरचं पिंप उघडलं, डुकराची भाजलेली मांडी हातोहात निघाली.

डॉक्टर ब्रॅडन धावत आले. "हा काय दरोडा आहे?"

"फेरी आहे," भरल्या तोंडानं स्टब म्हणाले. "पाद्री इथून गेले, म्हणजे तुमचं घर आता आमच्यात."

"शुद्धीवर आहात का? तुमची हद्द ओढ्यापर्यंत. शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

सगळ्यांची तोंडं चावता चावता थांबली.

"ओढ्यापर्यंत," स्टबनी सावकाश विचारलं, "म्हणजे गिरणीचं कुरण धरून ना?"

 ब्रॅडनांची बायको मांडीच्या उरलेल्या हाडाकडे बघत होती. "अहो, हो म्हणा," ती म्हणाली. "नाहीतर ही मंडळी दरसाल जेवायला यायची."

"धरून," ब्रॅडन पुटपुटले.

परतीच्या वाटेवर थॉमसिनबाईंनी नवऱ्याच्या चिंब मोज्यांबद्दल चकार शब्द काढला नाही.

"ब्रॅडन तसा विद्वान माणूस गं," पाद्री म्हणाले. "पण घर असं भर वाटेत बांधायला नको होतं."