फ्रीडाचा पाहुणचार

आठ दिवस एक कासव सांभाळायचे, एवढेच मी कबूल केले होते. सव्वीस वर्षांच्या बातमीदारीत मी तीन तहसीलदार अंगावर घेतले (एकदा त्यांनी मला घेतले, पण ते असो), तिथे कासवाची काय कथा?

शहात्तर सालचा डिसेंबर. वरठीकडच्या एका कारखान्यात यंत्रे बसवायला जर्मनीहून वॉल्टरसाहेब आले होते आणि आमची मागची खोली त्यांनी भाड्याने घेतली होती. साठीचा एकटा माणूस. सोबत एक सुटकेस आणि लोकरीत गुंडाळलेले, भाकरीएवढे कासव. नाव फ्रीडा. ती त्यांच्या बायकोने पाळलेली. बायको दोन वर्षांपूर्वी गेली, फ्रीडा राहिली. रोज संध्याकाळी ते अंगणात बसून तिच्याशी जर्मनमध्ये बोलत आणि ती मान वर करून ऐके. आमच्या घरात माझे इतके लक्ष देऊन कोणी ऐकत नाही.

पण फ्रीडा जेवेना. तिच्या देशात ती पिवळ्या फुलांचे एक रानगवत खाई. साहेबांनी भंडाऱ्याचा अख्खा बाजार पालथा घातला. पालक, कोबी, मेथी, सगळे ती हुंगून सोडी. तिच्याबरोबर तेही वाळू लागले. माझे रक्त तापले. परक्या मुलखातला जीव आमच्या जिल्ह्यात उपाशी राहतो म्हणजे काय? त्यांच्या पुस्तकातले चित्र खिशात घातले आणि सायकलने आंधळगावपर्यंतचे बांध तुडवले. तिसऱ्या दिवशी एका बांधावर पाथरीची भाजी दिसली. पिवळे फूल, करवती पान, अगदी चित्रातल्यासारखी! फ्रीडाने पहिला घास घेतला तेव्हा वॉल्टरसाहेबांनी माझा हात जो धरला, तो बराच वेळ सोडलाच नाही.

आठवड्याने कारखान्याचा माल कलकत्त्याच्या बंदरात अडकला आणि साहेबांना जावे लागले. जाताना त्यांनी आपल्या हिंदीत सांगितले, "सुबह पाथरी. फिर धूप. पानी इतना." आणि चहाची बशी दाखवली.

ते गेल्याबरोबर मी उसळलो. "बशीभर पाणी! या तलावांच्या जिल्ह्यात, कासवाला! काय कंजूष देश आहे!"

"त्याईचं कासव, त्याईले मालूम," सुलोचनाबाई, म्हणजे आमची मंडळी, तांदूळ निवडताना म्हणाली. "तुमाले पाथरी आणाले सांगतली. तेवढी आणा न जी."

चार दिवस फ्रीडा माझ्या हातून खात होती. (माझ्या हातून घरात दुसरे कोणी काही घेत नाही.) पाचव्या दिवशी थंडी पडली आणि तिने मान आत ओढली. सहाव्या दिवशीही नुसते कवच. साहेब परवा येणार! मी तडक गावाबाहेरच्या बोडीवर गेलो. या लहानशा तलावात केवळराम जाळे टाकतो.

"केवळराम, कासव खात नसेल तर काय करावं?"

"ठेवलं कुठी?"

"अंगणात."

"कासव अंगणात!" तो हसू लागला. "पान्याबाहीर ठेवता अन् मले इचारता काहून खात नाही? पान्यात सोडा त्याले."

मी म्हणतच होतो! घरी येऊन न्हाणीजवळचा हौद काठोकाठ भरला आणि फ्रीडाला सोडले. तिने चारही पाय जोरजोराने मारले.

"पाहा! किती दिवसांनी बिचारी पोहते आहे," मी म्हणालो. "कशी आनंदली आहे!"

"अहो, ते खाली जाऊन राहिली."

"कासवं तास तास खाली राहतात. आपल्या विहिरीतलं कधी वर दिसतं का?"

आणि मी बातमी फोनवर द्यायला गेलो. परतलो तेव्हा सुलोचनाबाई हौदाशी बसली होती. फ्रीडा तिच्या पदरात होती. मान बाहेर आली होती, पण ती कोणाचे ऐकण्यासाठी नव्हती.

वॉल्टरसाहेब आले. मी सगळे सांगितले, काही लपवले नाही. ते फ्रीडाला मांडीवर घेऊन अंगणात बसले. तिच्या कवचावरून हात फिरवत म्हणाले, "वह जमीन का है. पानी में साँस नहीं. ठंडी में नहीं खाती, सोती है. बीमार नहीं था." मग विचारले, "खाया?"

"चार दिन. मेरे हाथ से."

"हाथ से?" त्यांनी माझ्याकडे पाहिले. "मेरे हाथ से कभी नहीं. सिर्फ मेरी बीवी के."

त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. शिव्यांची मला सवय आहे. पण ते म्हणाले, "गलती मेरा. मैंने 'क्यों' नहीं बोला." त्यांनी बेलाच्या झाडाखाली स्वतः खड्डा खणला. त्यानंतर संध्याकाळी ते अंगणात बसले नाहीत.

मला भांडायला कोणीतरी हवे होते. दुसऱ्या दिवशी बोडीवर जाऊन मी केवळरामवर तुटून पडलो. त्याने जाळे खाली ठेवून सगळे ऐकले. त्याचाही चेहरा उतरला.

"इलायती कासव होतं, हे सांगतलं काय तुम्ही?"

"तू विचारलं नाहीस!"

"बातमीदार कोन हाय, मी का तुम्ही? त्याचे पाय त पाह्यले असान? पान्यातल्याचे चपटे रायते, वल्ह्यावानी."

चार दिवस हातून घास भरवला, पण पाय काही पाहिले नव्हते.

"तीस वर्सं झाले मले या बोडीवर," तो हळूच म्हणाला. "बुडून मेलेलं कासव मी पाह्यलं नाही, माह्या बापानं पाह्यलं नाही. पेपरात द्या हे. पन दुसऱ्याच्या नावानं द्या बापा. तुमचं नाव पाह्यलं त लोकाईले खोटं वाटंन."