सुमिएचे मडके आणि माझी मोटर

सातत्य हा स्वभावाचा नव्हे, रचनेचा प्रश्न आहे, असे माझे ठाम मत आहे. तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्यापासून निवृत्तीपर्यंत मी पंपांचे आराखडे केले. थकलेला पंप मी पाहिला आहे. कंटाळलेला पंप अजून पाहायचा आहे!

आमच्याकडे नव्याचे नऊ दिवस नसतात, तीनच असतात. हौसेने मुंडन करून मठात शिरलेला आणि घरच्या जेवणाच्या आठवणीने लगेच परतलेला 'तीन दिवसांचा भिक्षू' आमच्या म्हणीत आहे. माझी पत्नी सुमिए ही म्हण माझ्या टोपणनावासारखी वापरते.

गेल्या उन्हाळ्यात बहिणीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ती सेंदाईला निघाली, तेव्हा प्रश्न उरला मडक्याचा. खारवलेल्या तांदळाच्या कोंड्याचे हे मडके तिच्या आईकडून आलेले. त्यात काकडी-वांगी पुरली की दुसऱ्या दिवशी लोणचे तयार. मात्र कोंडा रोज हाताने तळापासून ढवळावा लागतो. हयगय झाली की तो नासतो, आणि आईच्या हातची चव कायमची जाते.

"अहो, जमेल ना?"

"न जमायला काय झालं?"

"बासरी, पहाटेचा व्यायाम, चिनी भाषा..."

"त्या हौशी होत्या. हे काम आहे."

पहिल्या दिवशी मी पूजेला बसल्यासारखा ढवळत होतो. दुसऱ्या दिवशी माझ्या हाताचा वास घेऊन मांजर निघून गेले. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की या रचनेतला कच्चा भाग म्हणजे माणसाचा हात. मी जुन्या धुलाईयंत्राची मोटर काढली, तिला लाकडी उलथने जोडले, पाच मिनिटांनी बंद होणारी कळ बसवली आणि निश्चिंत मनाने शोगी, म्हणजे आमच्याकडचे बुद्धिबळ, खेळायला गेलो.

कळ अडकली. मोटर दुपारभर फिरली, तापली आणि तिने कोंडाही तापवला.

परतलो तो गल्लीत गर्दी. शेजारच्या नागुमोबाईंनी मला अडवले.

"मोमोसे-सान, आत जाऊ नका. गॅस गळतोय. मी गॅस कंपनीची माणसं बोलावलीत."

इतक्यात तोंडाला मुखवटा लावलेला कर्मचारी बाहेर आला. त्याच्या चिमट्यात काहीतरी लोंबत होते.

"गॅस नाही. काकडी आहे."

"नक्की?" नागुमोबाईंनी विचारले.

"होती, असं म्हणू. बाकीची छताला आहे."

सासूबाईंची चव मी छताला फासली होती! अंगणातूनच मी सेंदाईला फोन लावला.

"सुमिए, मडकं गेलं."

"कोणतं?"

"आईंचं."

"ते कसं जाईल? ते नागुमोबाईंकडे आहे. निघायच्या आदल्या दिवशीच ठेवून आले."

मी नागुमोबाईंकडे पाहिले. त्या गॅसच्या मीटरचे बारकाईने निरीक्षण करू लागल्या.

"मग हे कुणाचं होतं?"

"तुमचं. बाजारातून नवा कोंडा आणून लावलं होतं. म्हटलं, हात तरी बसेल."

संध्याकाळी छत पुसून उतरलो, तेव्हा नागुमोबाई खऱ्या मडक्यातली वांगी घेऊन दारात उभ्या होत्या. दोघींवरही राग धरायचा, असे मी ठरवून टाकले होते. दुसरी वाटी भात घेईपर्यंत तोही टिकला नाही.