पान बदललं तरी मावशी

ऑफिसात भाच्याची ओळख वेबसाइटींचा डॉक्टर अशी होती. कुणाची साइट धापा टाकू लागली की सगळे याच्याकडे धावत. पण घरच्यांचं काम करताना भल्याभल्यांची अक्कल रजेवर जाते, तशी त्याचीही गेली.

मावशीने गाण्याचा वर्ग काढला होता आणि त्याची साइट भाचाच करणार, हे परस्पर ठरवूनही टाकलं होतं. अट एकच. "उघडल्याबरोबर माझं गाणं लागलं पाहिजे. आणि पान बदललं तरी सूर तुटता कामा नये."

"म्हणजे न हलणारा कॉम्पोनंट," भाचा म्हणाला. "बाकी पान बदलतं, तेवढा तुकडा जागेवर ठाण मांडून बसतो. माझ्या डाव्या हातचा मळ आहे."

"मळ नको. नीट कर."

कारण गावातल्या मोठ्या सभागृहाच्या व्यवस्थापकबाई स्वतः घरी येऊन साइट बघणार होत्या. सभागृहातली एक संध्याकाळ मावशीला कैक वर्षांपासून हवी होती. पण तिथे फक्त समूहालाच गाऊ देत, आणि मावशीच्या समूहात शेजारीण आणि शेजारणीची जाऊ एवढाच ऐवज होता. बाई साइट बघून भारावल्या तर डोकी मोजणार नाहीत, असा तिचा अंदाज.

बाई आल्या त्या तोंडावर नकार तयार ठेवूनच. मावशीच्या जुन्या संगणकासमोर बसल्या. गाणं सुरू झालं. पान बदललं, गाणं चालूच. मावशीने भाच्याकडे असं कौतुकाने पाहिलं, की लहानपणीचे सगळे धपाटे तिथल्या तिथे फिटले. बाईही खुलल्या. फोटो, वेळापत्रक, पुन्हा फोटो, पुन्हा मागे. पान मात्र दर वेळी जास्त रेंगाळू लागलं. संगणकाचा पंखा घरघरला आणि गाणं मध्येच गप्प झालं.

"हे नेहमीच असं?" बाईंनी पर्स उचलली.

"छे हो!" मावशी हसली आणि भाच्याच्या कानाशी फिसकारली, "अरे, बघ ना काहीतरी! माझी संध्याकाळ चाललीय हातची!"

भाच्याने आत डोकावून पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. तुकडा ठाण मांडून बसत होता खरा. पण पान बदललं की शेजारी तेच गाणं गाणारा आणखी एक नवा येऊन बसे, आणि जुन्याला ऊठ म्हणायचं भाचा विसरला होता. जुन्यांचा फक्त आवाज बंद होई. त्या सगळ्या मावश्या तोंड मिटून आतल्या आत गातच होत्या, आणि बिचारा संगणक एकटा सगळ्यांना साथ देत होता. त्यात तो दमलेला, म्हणून प्रत्येक मावशी आधीच्या मावशीपेक्षा थोडी मागे.

"आवाजच नाहीये," म्हणत मावशीने पडद्यावरची आवाजाची पट्टी शेवटपर्यंत ओढली.

"मावशी, नको! ती पट्टी सगळ्यांना..."

सगळ्या मावश्यांनी एकदम तोंड उघडलं. एक ओळ सोडतेय तोवर दुसरी ती उचलतेय, तिसरी मागून येऊन मिळतेय. खोली भरून गेली. भाच्याने लाजेने डोळे मिटले. बाईंनीही मिटले, पण लाजेने नव्हे. एकेक मावशी थांबत गेली आणि शेवटचीने एकटीने गाणं पुरं केलं.

"किती जणी आहात हो?" बाईंचा आवाज ओलावला होता.

थाप मावशीच्या ओठांवर आली होती. पण असं मनापासून ऐकणाऱ्या माणसाला ती मारवेना. "सगळ्या मीच. खऱ्या दोघीच येतात. बाकीचा या माझ्या भाच्याचा पराक्रम."

बाई पर्सचा बंद कुरवाळू लागल्या. "म्हणजे मागच्या रांगेत जागा आहे तर," त्या हळूच म्हणाल्या. "आमच्याकडे येऊन सगळे गातात. तुम्ही गाता का, असं मला आजवर कुणी विचारलं नाही."

"मग आता मी विचारते. गाता का?"

"नियमात समूह लिहिलंय," पर्स खाली ठेवत बाई म्हणाल्या. "किती जणींचा, ते लिहिलेलं नाही."

संध्याकाळ ठरली. भाच्याने चूक दुरुस्त केली आणि साइट वाऱ्यासारखी पळू लागली. शाबासकी येणार म्हणून त्याने मावशीचा फोन लगेच उचलला.

"साइट छान पळते रे," मावशी म्हणाली. "पण आत मी फार एकटी पडलेय. दोघी-तिघी परत सोड ना."