क्षमस्व, भाकरी कडक आहे

चांगली कडक भाकरी मोडली की एकच आवाज होतो, कोरडा आणि आखूड. तुकडे पडतात, भुगा पडत नाही. आवाजाआधी भाकरी जराशी जरी वाकली, तरी समजावं की आत ओल राहिली आहे. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केलेली वैदेही रोज सकाळी डब्यातली एक भाकरी कानाशी धरून मोडायची. भाकरीशी तिचं जमायचं. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडायची.

भाकऱ्या सासूबाईंच्या हातच्या. 'सरोजिनी कडक भाकरी' या नावानं त्या सोलापुरातून ऑनलाइन जायला लागल्या, तसे गिऱ्हाइकांचे फोन आणि मेसेज वाढले. फोन वाजला की वैदेही तो सासूबाईंपुढं धरायची, आणि त्यांचे हात पिठात असायचे. म्हणून आपोआप उत्तरं देणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. कुठलं, ते मात्र ठरेना. उन्हाळ्यापासून तिचा तक्ता चालला होता: वेग, किंमत, मराठी येतं का.

"लग्नाला होकार द्यायला एवढा वेळ नव्हता लावलास," तिचा नवरा अद्वैत म्हणाला.

"तेव्हा फुकट ट्रायल नव्हती," वैदेही शांतपणे म्हणाली.

शेवटी कुंभारीला बारशाला निघताना तिनं एकाची ट्रायल सुरू केली. 'माझे पार्सल कधी मिळेल?' असं विचारून पाहिलं. उत्तर शुद्ध आणि नम्र आलं. खाली सासूबाईंचं नाव घालून ती निर्धास्त गेली.

संध्याकाळी परतली तर तवा थंड होता आणि सासूबाई हात धुऊन ओट्यापाशी उभ्या होत्या.

"मोडनिंबहून जाऊबाईंचा फोन आलता. म्हणाल्या, 'सरोजिनी, जन्मात पहिल्यांदा माफी मागितलीस गं, बरं वाटलं.' कशाची माफी मागितली मी?"

वैदेहीनं मोबाइल उघडला. सासूबाईंना जन्मभर नावं ठेवणाऱ्या त्यांच्या जाऊबाईंनी लिहिलं होतं, "ह्या खेपेला लई कडक झाल्यात." खाली उत्तर: "भाकरी कडक झाल्याबद्दल मी मनापासून क्षमा मागते. पुढील वेळी मऊ पाठवीन. आपली नम्र, सरोजिनी."

पुढचा मेसेज टेंभुर्णीच्या तन्वीरचा. त्याच्या ढाब्याच्या गल्ल्यावर भाकरीच्या पुड्या ठेवायचं नुकतंच ठरत होतं. त्या भरवशावर सासूबाईंनी दोन बायकांना कामाचा शब्दही दिला होता. त्यानं लिहिलं होतं, "मावशी, एकदम कडक! नाद न्हाय करायचा!"

उत्तर: "गैरसोयीबद्दल क्षमस्व. पुढील खेपेला मऊ पाठवीन. यापुढे नाद करणार नाही."

आणि भाकरी वाटेत मऊ पडली म्हणून कळवणाऱ्या पुण्याच्या बाईंना लिहिलं होतं, "आपला आनंद हेच आमचे समाधान."

वैदेहीचे कान तापले. तक्त्यात सगळं होतं. पुड्यांवर ठळक छापलेला एकच शब्द तिनं तपासला नव्हता.

"आई, मी..."

तेवढ्यात फोन वाजला. तन्वीर. सवयीनं तिनं तो पुढं धरला. सासूबाईंनी कोरडे, स्वच्छ हात पाठीमागं घेतले.

"माफी माझ्या नावानं मागितलीस. आता बोल तुझ्या नावानं."

"मावशी, मऊ पाठवणार म्हणं?" वैदेहीनं फोन कानाला लावताच तन्वीर सुरू झाला. "मऊ तर आमच्या तव्यावर हाय की! मला कडक पायजे. जमत नसलं तर दुसरीकडं बघतो."

"मी वैदेही. सून." तिचा आवाज भाकरीसारखाच कोरडा फुटला. "माफी सॉफ्टवेअरनं मागितली. त्याला कडक म्हणजे तक्रार वाटली. चूक माझी आहे. मी नीट तपासलं नाही."

पलीकडून गडगडाटी हसू आलं.

"भाभी, नावातच सॉफ्ट हाय त्याच्या! त्याला कडक काय कळणार?"

आवाज ओट्यापर्यंत पोचला. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

"पुड्या येऊ द्या," तन्वीर म्हणाला. "पण आता मेसेज टाकला तर उत्तर कोण देणार? एकदा काय ते नक्की सांगा."

वैदेहीनं तक्त्याकडं पाहिलं, मग सासूबाईंकडं.

"मी. सॉफ्टवेअर कुठलंच घेणार नाही. उत्तरं मी देणार, फोनही मीच करणार. आणि पहिला फोन आत्ताच, मोडनिंबला. माफी परत घ्यायला."