एक मिनिट धरा

बोटीवरच्या गृहस्थाने दोरी फेकली आणि धक्क्यावर उभ्या असलेल्या सामानरावांनी ती झेलली. दिवसाची माती झाली ती तिथेच.

"एक मिनिट धरा हं!" असं म्हणत तो गृहस्थ खाली उतरला, गॉगल कपाळावर चढवला आणि समोरच्या हॉटेलच्या काचेच्या दारातून दिसेनासा झाला.

दुसऱ्या कुणी थोडी वाट पाहून दोरी टाकून दिली असती. पण सामानरावांनी अख्खी नोकरी बसस्थानकाच्या सामानघरात काढलेली. मालक परत येईपर्यंत दुसऱ्याची वस्तू सांभाळायची, एवढंच त्यांना येत होतं, आणि ते मात्र पक्कं येत होतं. खरं नाव पगाराच्या दिवशी कुणाला आठवलं तर आठवे; एरवी ते सगळ्यांचे सामानराव.

याच नोकरीपायी बायकोला कुठे नेणं झालं नव्हतं. सुट्ट्या लागल्या की लोक प्रवासाला निघत आणि लोक निघाले की सामानघर भरे. तिची मागणी काही फार नव्हती. एकदा समुद्रात जायचं, बोटीत दोघांनी शेजारी बसायचं. आज कधी नव्हे तो योग आला होता. श्रीमंतांच्या बोटींच्या या गावात दोघं सकाळीच पोचली होती आणि दुपारच्या शेवटच्या फेरीची तिकिटं बायकोच्या पिशवीत होती.

"अहो, त्या खुंट्याला गुंडाळा आणि चला," बायको म्हणाली.

"आणि सुटली तर? आपल्या घरापेक्षा मोठी बोट आहे ती. गेली वाहून, तर भरून कोण देणार? तुझा भाऊ?"

"माझ्या भावाला मध्ये आणू नका."

ती रागारागाने दुकानं बघायला गेली. परत आल्यावर तिने सांगितलं, की एका दुकानाच्या अख्ख्या काचेत एकच चप्पल ठेवली आहे, तीही एकाच पायाची. सामानरावांना हसू आलं, पण दोरी तशीच हातात होती.

धक्क्यावरचा रखवालदार बराच वेळ हे बघत होता. शेवटी तो जवळ आला. "काका, द्या इकडे. मी बघतो."

"तुमची बोट आहे?"

"नाही हो."

"मग मालकाच्याच हातात देणार."

रखवालदाराने कपाळाला हात लावला आणि तो निघून गेला. एवढ्यात शेजारी आणखी एक बोट लागली. दोरी धरून इतक्या निष्ठेने उभा असलेला माणूस इथल्या कामावरचाच असणार, असं तिच्यातल्या बाईंना वाटलं. त्यात त्यांचीही चूक नव्हती.

"भाऊ, ही पण धरा!"

"अहो बाई, मी इथला—"

दोरी छातीवर येऊन आदळली. हातात आलेलं सामान पडू द्यायचं नाही, ही जुनी खोड; सामानरावांनी ती पकडली. बाई उतरल्या आणि जाता जाता त्यांनी कुत्र्याचा पट्टाही त्यांच्या बोटांत अडकवला. "अगदी शहाणा आहे तो," त्या म्हणाल्या. कुत्र्याने सामानरावांच्या बुटाचा बंद चावायला घेतला.

"फेरी सुटतेय," बायको म्हणाली. आता तिच्या आवाजात राग नव्हता, विनवणी होती. "चला ना हो."

"तू हो पुढे. मालक आले की मी आलोच."

भाचीच्या लग्नाला, माहेरी, दवाखान्यात, सगळीकडे ती याच वाक्यावर एकटी गेली होती. तिने नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि ती फेरीच्या बोटीकडे चालू लागली. चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

थोड्या वेळाने फेरीची बोट समोरून गेली. कठड्याशी बसलेल्या बायकोने हात हलवला. सामानरावांनाही हलवायचा होता, पण दोन्ही हात लोकांच्या कामात होते. त्यांच्या वतीने कुत्रा भुंकला. सामानरावांना मनापासून वाईट वाटलं. इतकं, की डोळे पुसायलाही हात मोकळा हवा होता असं त्यांना वाटून गेलं.

ऊन उतरल्यावर पहिला गृहस्थ दात कोरत बाहेर आला. "अरे! तुम्ही अजून इथेच?"

"तुमची बोट..."

"अहो, ती मागून बांधलेली आहे साखळीने. दोरी पाण्यात भिजू नये म्हणून दिली होती. ठेवून द्यायचीत की खाली!"

 मग सामानरावांनी आयुष्यात पहिल्यांदाच एकाचं सामान दुसऱ्याच्या हवाली केलं. दोन्ही दोऱ्या आणि कुत्रा त्याच्या हातात कोंबून ते पळत सुटले. पण फेरी केव्हाच परत आली होती. फेरीचा धक्का रिकामा होता.

बायको परतीच्या बसमध्ये सापडली. सामानराव तिच्याजवळ जाऊन उभे राहिले.

"चुकलं माझं."

"हं."

"कसा होता समुद्र?"

"धड बघायलाच मिळाला नाही. शेजारची जागा धरून बसले होते. जो तो येऊन विचारायचा, इथे कोणी आहे का? मी म्हणायचे, आहेत, येताहेत."

"अगं, भर समुद्रात मी कुठून येणार होतो?"

"ते लोकही हेच विचारत होते," बायको म्हणाली, आणि शेजारच्या सीटवर ठेवलेली पिशवी तिने उचलून मांडीवर घेतली.